स्मरणिकेतील संख्या: अंकी की अक्षरी?

कोथरूडचा मुद्रितशोधक
आमच्या गृहनिर्माण संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लवकरच छपाईला जायची असून मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एका लेखात ‘सात ते १२ सभासद’ आहेत, दुसऱ्यात ‘३.५ वर्षे’, तर अहवालात ‘२रा मजला’, ‘२ रा मजला’ आणि ‘दुसरा मजला’ हे तिन्ही गुण्यागोविंदाने नांदत आहेत. औपचारिक मजकुरात याबाबत कोणते संकेत पाळावेत?

खिळेजुळारी
सर्वांना बांधील असा एकच नियम नाही. मी दहापर्यंतच्या संख्या अक्षरांत आणि पुढच्या अंकांत लिहितो. मात्र एकाच वाक्यात एकाच प्रकारची मोजणी असेल, तर दोन्ही संख्या एकाच पद्धतीने लिहाव्यात, म्हणजे आपले सभासद ‘७ ते १२’ होतील. दिनांक, रकमा, मोजमापे, टक्केवारी अंकांतच शोभतात. वाक्याची सुरुवात अंकाने करू नये: ‘१९६१ साली पानशेत धरण फुटले’ याऐवजी ‘पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले’ असे लिहावे. ‘१९६१मध्ये’ जोडून लिहावे, पण ‘साली’ सुटे. मजला ‘दुसरा’च ठेवा.

सदाशिव पेठ, माडीवरून
‘३.५ वर्षे’ निर्दयपणे खोडा. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन ही आपल्या भाषेची हक्काची संख्यानामे आहेत. साडेतीन मुहूर्तांना कोणी ३.५ मुहूर्त म्हणत नाही. ‘दहाबारा माणसे’ हा अंदाज असतो, त्याची ‘१०-१२’ केली की उगाच हजेरी घेतल्यासारखे वाटते. ताळेबंदात मात्र ‘पावणेदोन लाख’ चालणार नाही, तेथे १,७५,००० हवेत; आणि संगणकाने स्वल्पविराम १७५,००० असा टाकलेला नाही ना, हेही पाहावे.

जुना हिशेबनीस
देणगीच्या रकमा अक्षरीही देणार असाल, तर त्या दोनदा वाचा. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला वेगळे नाव असल्याने घोटाळा सहज होतो. आमच्या एका पावतीवर ५९,००० रुपयांपुढे ‘एकोणसत्तर हजार’ छापले गेले होते. धनादेशावर असे झाले, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कमच धरली जाते.

कोथरूडचा मुद्रितशोधक
आभारी आहे. ‘साडेतीन वर्षे’ केले. लेखक आमचे माजी खजिनदार आहेत, त्यामुळे दशांशचिन्ह का गेले, हे त्यांना समक्ष भेटूनच सांगावे लागेल.