अनुभव धागा: रॉक तुमच्या कानापर्यंत कुठल्या वाटेनं आलं?

साठ-सत्तरच्या दशकांतलं रॉक आपल्याकडे सरळ रस्त्यानं आलंच नाही. कुणाचा मामा बोटीवर होता म्हणून घरात एलपी आली, कुणी कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात नंबर लावला, कुणाला हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीतून रात्री-बेरात्री ऐकू आलं. आणि ते आलं तेव्हा आपले कान कोरे नव्हते. ते भजनावर, नाट्यगीतांवर, तबल्यावर, सकाळच्या रेडिओवर वाढलेले होते. त्या कानांनी हे परकं संगीत कसं आपलं केलं, ते इथे लिहावं अशी विनंती आहे. आवडत्या दहा गाण्यांची यादी नको. एकच गाणं घ्या, पण मनापासून लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या घरी पायपेटी होती. बाबा हौशी नाटक मंडळींना ऑर्गनची साथ करायचे. मोठ्या भावानं आणलेली डीप पर्पल या ब्रिटिश बँडची कॅसेट वाजायला लागली तेव्हा बाकी सगळ्यांना नुसता गोंगाट वाटला, पण बाबा थबकले आणि म्हणाले, "अरे, हा तर ऑर्गन आहे!" ते गाणं होतं १९७० सालचं 'चाइल्ड इन टाइम'. बँडमधल्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन आपल्या पायपेटीसारखा हवेवर आणि पत्तींवर चालत नाही. त्यात धातूची चाकं फिरतात आणि त्यांच्यापासून विजेनं स्वर तयार होतो. लॉर्ड तो गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढायचा, म्हणून त्याला ती खरखरीत धार आली. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण वाद्य त्यांनी बरोबर ओळखलं. पुढे कळलं की या गाण्याची मूळ ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ सालच्या एका वाद्यरचनेवरून घेतलेली आहे, आणि त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. बाबा असते तर त्यांना हे सांगताना मला फार आनंद झाला असता.

गिरगाव, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्या वेळी इंग्रजी गाणी ऐकायची म्हणजे रेडिओवरचा फर्माइशींचा कार्यक्रम, नाहीतर काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस. तिथे ऐकून बघायला छोट्या खोल्या होत्या. विकत घेण्याइतके पैसे नसायचे, तरी दुकानातली माणसं दोन-तीन गाणी होईस्तोवर काही बोलायची नाहीत. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा मी मुद्दाम जाऊन आलो होतो.

पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. १९७२ च्या ऑक्टोबरात मी कॉलेजात होतो आणि लेड झेपेलिनच्या रेकॉर्डसाठी जीव टाकत होतो. त्याच महिन्यात त्या बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते! इथल्या स्टुडिओत त्यांनी इथल्याच वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. वादकांचं संचालन बासरीवादक विजय राघव राव यांनी केलं. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोमध्येही दोघांनी एका रात्री वाजवलं. गिरगावाहून कुलाबा ते किती लांब! आम्हाला कुणालाही पत्ता नव्हता.

ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली २०१५ साली, 'कोडा' या संचाच्या नव्या आवृत्तीत. मुलानं हेडफोन लावून दिला. गिटारच्या शेजारी तबला, मागे आपली तंतुवाद्यं. ते वादक दिवसभर हिंदी सिनेमाचं काम करून तिथे आले असतील का, घरी गेल्यावर बायकामुलांना काय सांगितलं असेल, असं बरंच काही मनात येत राहिलं. त्यांची नावं रेकॉर्डवर ठळक छापायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

मिरज, तबला शिकवतो

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पिंक फ्लॉइडचं 'मनी' ऐकवतो. १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं. नाण्यांचा, गल्ल्याचा आवाज संपला की बास गिटार सुरू होते आणि ती सात मात्रांची आहे. मुलं लगेच बोटं मोजायला लागतात. मग मी विचारतो, हा रूपक ताल आहे का? मात्रा सात, पण रूपक म्हणता येणार नाही. रूपकात समेवरच खाली असते, तीं तीं ना, धीं ना, धीं ना. पहिली मात्रा हलकी असते, वजन पुढे येतं. 'मनी'त पहिल्या मात्रेवरच पाय आपटावासा वाटतो. मात्रा सारख्या असल्या तरी चाल वेगळी असू शकते, हे समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पुढची गंमत म्हणजे सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण डेव्हिड गिलमरची गिटार सुरू होताना ताल चारात जातो. गाडी घाट संपवून सपाटीला लागावी तसं वाटतं. गिटार आटोपली की पुन्हा सात.

वरच्या काकांनी झेपेलिनचा विषय काढला म्हणून आणखी एक. त्यांच्या 'काश्मीर'मध्ये (१९७५) ड्रम चार धरून बसलेला असतो आणि गिटारची ओळ तीन-तीननं चढत जाते. बारा मात्रांनी दोघांची गाठ पडते. ड्रमर जॉन बॉनम इतक्या संथपणे आणि इतक्या जोरानं ते चार धरतो की गिटार कितीही फिरली तरी घर सुटत नाही. आमचे गुरुजी लेहऱ्याबद्दल, म्हणजे तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या धुनेबद्दल, नेमकं हेच सांगायचे: लेहरा धरणाऱ्यानं हलायचं नाही. त्यांना मी हे गाणं ऐकवलं होतं. ते संपेपर्यंत हातानं ताल देत बसले आणि म्हणाले, "ढोल वाजवणारा पक्का आहे."

पिंपरी, प्रेस शॉपमध्ये नोकरी केली

मी आयटीआय करून पॉवर प्रेसवर लागलो. इंग्रजी जेमतेम. ब्लॅक सॅबथची कॅसेट खोलीवरच्या एका पोरानं लावली आणि मला ती पहिल्या झटक्यात पटली. शॉपमध्ये आठ तास जो आवाज अंगात भरतो, तोच आवाज कुणीतरी सुरात लावून दिला होता. हे मी कुणाला समजावून सांगू शकलो नाही, पण मला ते खरं वाटलं.

बऱ्याच वर्षांनी सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट वाचली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीचा शेवटचाच दिवस, आणि प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार सुटल्यात जमा होती. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा जिप्सी गिटारवादक आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांवर सोलो वाजवायचा. आयोमीनं मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं चिकटवलं. तारा बारीक लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तारा सैल सोडून गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तार सैल म्हणजे दाबायला कमी जोर, आणि आवाज आणखी जड. हेवी मेटलचा तो खर्ज असा घडत गेला.

आमच्या शॉपमध्येही शेजारच्या प्रेसवरच्या सोबत्याचं बोट गेलेलं मी पाहिलं आहे. गार्ड काढून ठेवलेला होता. तो कबड्डीचा चांगला खेळाडू होता. त्याला खेळात परत आणणारं कुणी भेटलं नाही. म्हणून आयोमीच्या त्या वरिष्ठाबद्दल मला फार आदर वाटतो. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क मैदानावर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी गेला. दुसऱ्या दिवशी मी दुपारी कामावरून आल्यावर त्यांची पहिली रेकॉर्ड अख्खी ऐकली.

माहेर वाई, आता ठाणे

पसरणीचा घाट चढला की पाचगणी. लहानपणी आम्ही स्ट्रॉबेरी आणि टेबललँड यापलीकडे तिथलं काही जाणत नव्हतो. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी त्या घाटमाथ्यावर वाढला, हे मला कॉलेजात एका मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही. पण खरं आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बुलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच पियानोवर तयार झाला आणि शाळेतल्या मित्रांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये वाजवायचा.

१३ जुलै १९८५ चा लाइव्ह एडचा कार्यक्रम मी पुष्कळ उशिरा, व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. लंडनचं वेम्बली मैदान भरलेलं, क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. तो एक आलाप घेतो आणि सगळं मैदान त्याच्या मागून तोच आलाप म्हणतं. कीर्तनात बुवा ओळ टाकतात आणि मंडपातली माणसं उचलतात, मला तेच दिसलं. आजही माहेरी जाताना घाटात मी क्वीनच लावते. नवऱ्याला आणि मुलांना आता ते पाठ झालं आहे.

पंढरपूर

आमची आजी रोज हरिपाठ म्हणायची. धाकट्या काकाकडे बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनची 'ऑल थिंग्ज मस्ट पास' (१९७०) होती, तीन तबकड्यांचा तो मोठा खोका. 'माय स्वीट लॉर्ड' लागलं की सुरुवातीला मागचा कोरस 'हालेलुया' म्हणतो, मग नकळत 'हरे कृष्ण'वर येतो. आजी वाती वळता वळता मान हलवू लागली. आणि शेवटाकडे 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' आलं तेव्हा तिनं हातातलं ठेवलं आणि हात जोडले. काकाला म्हणाली, "हा कोण रे मुलगा? याला चांगले संस्कार आहेत."

काकानं मग तिला बांगलादेशच्या निर्वासितांसाठीच्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, रविशंकरांच्या शब्दाखातर हॅरिसननं मित्र गोळा केले. तिथे सतार-सरोद जुळवून झाल्यावरच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि जुळवणंच इतकं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, असं रविशंकर त्यांना म्हणाले होते. हा किस्सा आजीनं नंतर देवळातल्या बायकांनाही सांगितला.

फोंडा, गोवा

आमच्याकडे ही गाणी हणजुणेच्या बाजारातून यायची. परत जाणारे हिप्पी कॅसेटी विकून जायचे. पण मला हिंमत दिली ती रेमो फर्नांडिस यांनी. १९८४ साली शिवोलीला घरीच ध्वनिमुद्रण करून 'गोवन क्रेझी' काढली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. गावात राहूनही रॉक करता येतं, एवढं कळणं आमच्या पिढीला पुरेसं होतं.

डोंबिवली

रंगभवन, धोबी तलाव. इंडिपेंडन्स रॉक, १५ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे पाऊस ठरलेला आणि रंगभवनला छप्पर नाही. काळे टी-शर्ट भिजून अंगाला चिकटलेले, सगळे एका सुरात ओरडतायत. १९८६ ला सुरू झालेला हा उत्सव मी नव्वदच्या दशकात गाठला. रॉक मशीन या मुंबईच्या बँडचं नाव तोवर इंडस क्रीड झालं होतं आणि आपली माणसं स्वतःची गाणी वाजवतात याचा अभिमान वाटायचा. शेवटचं गाणं अर्धवट सोडून व्हीटीला पळावं लागायचं, शेवटची गाडी चुकली तर रात्र फलाटावर. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन गेलं. इस्पितळांजवळ आवाज नको हे मान्यच आहे, पण तसं दुसरं ठिकाण शहरानं उभं करायला हवं होतं. परवडणाऱ्या तिकिटात, स्टेशनपासून चालत जाता येईल असं.

झुरिक

कामानिमित्त इथे आहे. आईबाबा आले तेव्हा त्यांना माँत्रोला नेलं. बाबांना तळ्याकाठचा फ्रेडीचा पुतळा पाहायचा होता, मला कॅसिनो. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडे झाडली आणि कॅसिनो जळाला. डीप पर्पल तिथेच ध्वनिमुद्रणाला आले होते, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्यानं घेऊन. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी हॉटेलातून पाहिला. मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांतून वायरी ओढून 'मशीन हेड' पूर्ण केली. गिटार हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा जी सुरावट काढतो, ती या आगीवरच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची.

धागा काढणाऱ्या ताईंना सांगायचं आहे की त्या सुरावटीत गिटारच्या मागून तुमच्या बाबांचा ऑर्गनही येतो. नीट ऐका, दुसऱ्या खेपेला.

इचलकरंजी, ऑर्केस्ट्रात लीड गिटार

मी जत्रेत, लग्नात, गणपतीत वाजवतो. लोकांना हिंदी-मराठी गाणी लागतात आणि ती मी प्रेमानं वाजवतो. पण साउंड चेकला मी ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'च लावतो. १९७६ सालचं, बी मायनर. शेवटची दोनेक मिनिटं डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांच्या गिटारी आधी आळीपाळीनं बोलतात आणि मग एकत्र, एकमेकींना धरून खाली उतरतात. मी नोटेशन शिकलेलो नाही. आमच्या कीबोर्डवाल्या दादांनी मला ते सरगममध्ये लिहून दिलं, दोन्ही गिटारींचं वेगवेगळं, हिशेबाच्या वहीत. ती वही अजून पेटीत असते. दुसरी गिटार दादा कीबोर्डवर वाजवतात.

अडचण एकच, मूळ रेकॉर्डवर गाण्याला शेवट नाही, आवाज विरत जातो. स्टेजवर विरता येत नाही. १९९४ साली ईगल्स पुन्हा एकत्र आले तेव्हाचा कार्यक्रम पाहून आम्ही थांबायची जागा शोधली. मंडपवाले, लाइटवाले, खुर्च्या मांडणारी पोरं काम थांबवून ऐकतात. मागच्या जत्रेत यात्रा कमिटीचे अध्यक्ष स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "हे रात्री पण घ्या की, लावणीच्या आधी." घेतलं. वन्स मोअर मिळाला.