सातच डाइव्ह झाल्यात, बुडालेल्या जहाजावर जावं का?

कंबर तलाव: पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. गेल्या वर्षी अंदमानात ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. आता बालीला चाललोय. तिथं तुलांबेनला 'लिबर्टी' हे अमेरिकन मालवाहू जहाज आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, मग ओढत किनाऱ्याला आणून लावलं. १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. वरचा भाग पाचेक मीटरवर, तळ ३० च्या आसपास. माझ्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटर. तेवढ्यात राहून बाहेरून बघायला काय हरकत आहे? बायको दोन दिवस बोलत नाही.

होटगी रोड: वहिनींचं बरोबर आहे मालक. माझी नववी डाइव्ह तांबड्या समुद्रात, थिसलगॉर्म या बुडालेल्या जहाजावर. त्यातल्या मोटारसायकली बघता बघता २७ मीटरवर कधी गेलो कळलंच नाही. तिथं एका श्वासाला वरच्यापेक्षा पावणेचारपट हवा जाते. टाकीतल्या हवेचा काटा ७० बारवर आलेला, आणि गाइड एका भोकातून आत. मीही मागोमाग. माझ्याच फिननं, पायातल्या वल्ह्यानं, गाळ उठला. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं झालं. हाताला लोखंड लागत होतं, पण वर कुठलं नि खाली कुठलं ते कळेना.

साधा माणूस: ओ, ते जहाज वेगळं, हे वेगळं. लिबर्टी मोडून उघडं पडलंय आणि किनाऱ्यावरनं चालत जाता येतं. मी तर म्हणेन खरी परीक्षा पाण्याबाहेरच. गोल गोटे, त्यावर लाटा, पाठीवर टाकी. तिथल्या बायका टाक्या डोक्यावर घेऊन त्याच गोट्यांवरनं सरळ चालतात, आपण लडखडतो. जा बिनधास्त, पहाटेच जा, नंतर गर्दी होते.

भुईकोट: बिनधास्त कसलं? वर्षभर सोलापुरात बसून तरंगण्यावरचा ताबा राहतो का? गंजलेल्या पत्र्याशेजारी वीतभर खाली-वर झालं तरी हात फाटतो. आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीची डाइव्ह करा, मग जहाज.

शेंगा चटणी: उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. चपला घालून बघून या.

कंबर तलाव: 😄 पहिल्या दिवशी रिफ्रेशर, मान्य. १५ मीटरच्या खाली नाही, १०० बारला परत. आत तर नाहीच.

होटगी रोड: आणि गाइडनं आतनं हात केला, सोबतचे चौघं गेले, तर?

कंबर तलाव: ...खरं सांगू, तिथं माझा भरवसा नाही. एकट्यापुरता गाइड घेतो, आणि पाण्यात उतरायच्या आधीच त्याला सांगून ठेवतो.

होटगी रोड: मग जावा. शेवटची डाइव्ह आणि विमान यात १८ तास सोडा तेवढे.