लिनक्स ड्रायव्हर: फ्री १.५ जीबी दाखवतंय, तरी के-मॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) फेल. वर आरएममॉडनंतर (मॉड्यूल काढल्यावर) ऊप्स, म्हणजे कर्नलची गंभीर एरर

ऐरोलीकर:
पहिलंच मॉड्यूल, कॅरेक्टर ड्रायव्हर. महापेच्या टेस्ट बेंचवर लिनक्स कर्नल ६.१, एक्स८६-६४, रॅम ४ जीबी. इनिटमध्ये (मॉड्यूल सुरू होताना) २ एमबीचा रिंग बफर के-मॅलॉकने घेतो, जीएफपी_कर्नल (गरज पडली तर झोपून वाट बघणारी मागणी) लावून. बूट झाल्याझाल्या इन्समॉड (मॉड्यूल चढवणं) नीट होतं. मशीन दोन-तीन दिवस चालू राहिलं की 'पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ९'.
दुसरं दुखणं: कधीकधी आरएममॉडनंतर सेकंदभरात ऊप्स येतो. स्लब_डीबग (स्लब म्हणजे छोट्या तुकड्यांचा मेमरी-साठा, त्याची तपासणी) लावलंय, रजिस्टरमध्ये नुसतं ६बी६बी६बी६बी, ट्रेसमध्ये रन_टायमर_सॉफ्टआयआरक्यू. बफरबाहेर लिहिलं जातंय का?

वागळे_बिट्स:
मोकळी किती ते सोडा, सलग किती ते बघा. के-मॅलॉकला फिजिकली सलग पेजेस लागतात. ऑर्डर ९ म्हणजे २ चा ९ वा घात, ४ केबीची ५१२ पेजेस. प्रॉकमधली बडीइन्फो उघडा. रकाने ऑर्डर ० ते १०. शेवटचे दोन शून्य असतील तर मेमरी आहे, पण सगळी चिल्लर. शिवाय ऑर्डर ३ च्या वर कर्नल फार जीव काढत नाही, लवकर नाही म्हणतो.
केव्ही-मॅलॉक घ्या: आधी सलग मागतं, नाही मिळालं तर व्ही-मॅलॉककडे (विखुरलेली पेजेस जोडून देणारं) वळतं. सोडताना के-फ्री नको, केव्ही-फ्री. बफर डीएमएला (हार्डवेअर थेट मेमरीत लिहितं-वाचतं त्याला) देणार असाल तर मात्र हा मार्ग बाद.

घोडबंदर_रूट:
६बी हा फ्री झालेल्या स्लब ऑब्जेक्टमध्ये भरलेला पॉयझन (खुणेचा बाइट), म्हणजे यूज-आफ्टर-फ्री: सोडलेली मेमरी पुन्हा वापरली जातेय. बफरवर आळ घेऊ नका. ८ केबीच्या वरचं के-मॅलॉक स्लबमधून जातच नाही, तिथे स्लब_डीबग आंधळा. त्यासाठी केसॅन (कर्नलचं मेमरी-चूक शोधणारं साधन) हवं, पण ते रॅमचा आठवा हिस्सा खातं, तुमच्या ४ जीबीतले ५१२ एमबी.
ट्रेसमध्ये टायमर दिसतोय; तो डिव्हाइसच्या स्ट्रक्टमध्येच आहे ना? मग एक्झिटमध्ये आधी डेल_टायमर_सिंक, नंतर त्या स्ट्रक्टचं के-फ्री. नुसतं डेल_टायमर पुरत नाही, कॉलबॅक (टायमर संपला की चालणारं फंक्शन) दुसऱ्या सीपीयूवर चालू असू शकतो. आणि कॉलबॅक जो स्पिनलॉक घेतो तो धरून सिंक कॉल केलात तर डेडलॉक, दोघं एकमेकांची वाट बघत अडकतील.

ऐरोलीकर:
स्ट्रक्टमध्येच आहे, आणि साधं डेल_टायमर होतं. बडीइन्फोत दोन्ही झोनचे शेवटचे रकाने ० ०. डीएमए नाही, फक्त कॉपी_टू_युजर. कॉलबॅकमध्येही एक छोटं के-मॅलॉक आहे, जीएफपी_कर्नलचंच. ते कधी फेल झालं नाही.

घोडबंदर_रूट:
अहो, टायमर कॉलबॅक सॉफ्टआयआरक्यूत (इंटरप्टसारख्या संदर्भात) चालतो, तिथे झोपायची सोय नाही. मेमरी मुबलक असेपर्यंत ते खपून जातं. जीएफपी_अॅटॉमिक (न झोपता मागणारं) करा आणि नल तपासा. त्याहून बरं, ती जागा इनिटमध्येच घेऊन ठेवा. कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग_अॅटॉमिक_स्लीप चालू केलंत तर पहिल्याच टिकला ओरडेल.