बाबांचा खोकला: ऑक्सिमीटर घ्यावा की नेब्युलायझर?

ओवी७: बाबा ७२ वर्षांचे. पाच दिवस खोकला, ताप ९९ च्या वर नाही, पण अन्नावरची वासना गेलीय. डॉक्टर ब्राँकायटिस (श्वासनळ्यांना सूज) म्हणाले. दोन्हीपैकी एकच वस्तू परवडेल. कोणती घेऊ?

काठावरचा: दोन्ही घ्या. आईला नेब्युलायझरने रात्रीत आराम पडला.

मीरा५१: दमा असेल त्यांना. नेब्युलायझरच्या औषधी फवाऱ्याने श्वासनळ्या मोकळ्या होतात, न्यूमोनिया बरा होत नाही. ऑक्सिमीटरच घ्या.

काठावरचा: आईला दमा नाही हो. तीन वर्षं वापरतोय आम्ही.

पाऊलवाट: कफ हिरवा आहे का? मग अँटिबायोटिक लागणारच.

दवबिंदू: कफाच्या रंगावरून जंतू ठरत नाही, विषाणूच्या खोकल्यातही तो हिरवा होतो. माझ्या नवऱ्याला थुंकी न तपासताच लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. त्याने टीबी तात्पुरता दबला. थोडे दिवस बरं वाटलं आणि टीबी कळायला दोन महिने गेले. अजून संताप होतो.

शेंदरी: मीराताईंना अनुमोदन, ऑक्सिमीटर.

मीरा५१: बोटं गार असतील तर ऑक्सिजनचा आकडा चुकतो. हात चोळून ऊब आणा, आकडा स्थिरावू द्या. ९२ किंवा खाली आला तर लगेच निघा.

आजोळ: मी २२ वर्षं वॉर्डात नर्स आहे. खरेदी राहू दे. बाबा शांत पडलेले असताना त्यांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोज. ३० किंवा जास्त भरले, वरचं बीपी ९० च्या खाली गेलं किंवा बोलण्यात घोळ वाटला, तर या वयात हॉस्पिटल गाठायला यातलं एकही पुरे. म्हातारपणी न्यूमोनियात ताप चढतोच असं नाही.

ओवी७: शेजारून ऑक्सिमीटर आणला. ९५ दाखवतोय.

काठावरचा: मग छान आहे! रात्रीची धावपळ नको, सकाळी बघा.

मीरा५१: हो, ९५ ला घाबरायचं कारण नाही.

शेंदरी: सकाळीच जा.

ओवी७: श्वास ३२ भरले. दोनदा मोजले. आणि मला आत्याच्या नावाने हाक मारली त्यांनी. मी निघतेय.

ओवी७: एक्सरेत उजव्या फुप्फुसात खाली पांढरा डाग. न्यूमोनियाच. शिरेतून अँटिबायोटिक चालू केलंय. सहा आठवड्यांनी पुन्हा एक्सरे काढायचाय.

काठावरचा: नेब्युलायझर लावलाय ना तिथे?

ओवी७: नाही, गरज नाही म्हणाले. आजोळताई, आत्ता मोजले. २४.