अनुभव सांगा : सायट्रान्स पहिल्यांदा कुठं कानावर पडलं?

जिंतूरनाका :
दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या फोनचा डबा निघाला, त्यात २ जीबीचं मेमरी कार्ड. शर्टाच्या टोकानं पुसलं, पोराच्या कार्ड रीडरला लावलं आणि उघडलं की! आत एकच फोल्डर शिल्लक. नाव 'गोवा'. आत सगळं सायट्रान्स, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून आलेलं, यंत्रावर बनवलेलं नाचाचं संगीत.

२००९ ची गोष्ट. मी औरंगाबादला पॉलिटेक्निकला होतो (तेव्हा औरंगाबादच म्हणायचो). उस्मानपुऱ्यातल्या एका मोबाईलच्या दुकानात २० रुपयांत कार्ड भरून मिळायचं. मी जुनी हिंदी गाणी सांगितली होती. दुकानात गर्दी, त्या पोरानं दुसऱ्याच कुणाचं तरी फोल्डर माझ्या कार्डात टाकलं. मला कळलं सिडको स्टँडवरून जिंतूरची एसटी सुटल्यावर. कानात नुसतं धड-धड-धड. वाटलं कार्ड खराब झालं. पुढचं गाणं लावलं, ते पण तसंच. परत जायची सोय नव्हती, म्हणून चालू ठेवलं.

जालन्याचे दिवे मागं पडले, गाडीतले लोक झोपले. तेव्हा लक्षात आलं की ठेका तोच आहे, पण त्याच्या पोटात काहीतरी हलतंय. रातकिड्यासारखी एक किर्र. तीनदा सरळ आली आणि चौथ्यांदा वळली. मग ती वळायचीच वाट बघायला लागलो. मंठ्याला गाडी चहाला थांबली, मी उतरलो नाही. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "लेकरा, बरं नाही का?"

काल रात्री सगळं फोल्डर परत ऐकलं. बायको झोपल्यावर गच्चीवर जाऊन.

तुम्ही कुठं ऐकलंत, काय वाटलं, नवख्याला काय ऐकवाल ते लिहा. आणि एक मदत हवी. 'ट्रॅक ०३' चं नाव मला १५ वर्षांत कळलेलं नाही. सुरुवातीला पाण्याचा आवाज, मग बासरी, आणि ठेका चौथ्या मिनिटाला येतो.

सोयाबीनची_गंजी :
आमच्याकडं ब्लूटूथनं आलं. नांदेड-पुणे ट्रॅव्हल्सचा क्लीनर होता, त्याच्या फोनात. ९ एमबीचं गाणं, दोन फोन एकमेकाला चिकटवून हालू न देता बसलो होतो. ९४ टक्क्यांवर कॉल आला अन् सगळं गेलं. परत पहिल्यापासून. अजून आहे माझ्याकडं ते गाणं.

ओट्यापाशी :
नाव बघून आत आले. आधी कुणीतरी नीट सांगा हे असतं काय. धाकटा भाऊ दिवसभर ऐकतो, विचारलं तर म्हणतो तुला नाही कळायचं. शब्द नाहीत त्याला गाणं कसं म्हणायचं? चकल्या तळायला घेतल्यात, नंतर वाचते.

सोल्डरगन :
ताई, कळायला अवघड काही नाही. टेबलावर तळहाताची एक थाप मारा आणि लगेच बोटांनी तीन टिचक्या. थाप-टिक-टिक-टिक. थाप म्हणजे किक (ढोलासारखा जड ठोका), टिचक्या म्हणजे बेस (खालचा जाड स्वर). आता हेच मिनिटाला १४५ थापांनी चालवा. सेकंदाला साडेनऊहून जास्त ठोके होतात. हाताला जमत नाही, पण कानाला ते सुटे सुटे वाटतच नाहीत, एक घरंगळत जाणारी लाट वाटते. हा पाया. रात्रभर हा हलत नाही.

बाकीच्या गाण्यात चाल बदलते, इथं आवाजाची कांती बदलते. एकच स्वर आधी कोरडा, मग ओला, मग धातूसारखा. त्यामुळं गाणं ७ ते १० मिनिटांचं लागतं. तीन मिनिटांत हे होत नाही.

भाऊंनी सांगितलेली किर्र बहुतेक टीबी-३०३ ची किंवा तिच्या नकलेची. रोलँड या जपानी कंपनीनं १९८१ मध्ये हे छोटं यंत्र काढलं, गिटारवाल्याला घरी सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून. ते खऱ्या बेससारखं वाजेना, कुणी घेईना, १९८४ ला बंद झालं. मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन वाजता वाजताच त्याच्या फिल्टरची (आवाजाचा पोत बदलणारी) बटणं फिरवली आणि तो पिळवटणारा आवाज सापडला. तिथून तो फिरत फिरत गोव्याच्या किनाऱ्यावर आला. एका फसलेल्या यंत्रातून एवढं निघालं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. मी रिपेरिंगचं काम करतो, कदाचित म्हणून असेल.

वेगावरून, म्हणजे मिनिटाला किती थापा त्यावरून, प्रकार ओळखायचा : १३० ते १३८ प्रोग्रेसिव्ह, १४० च्या पुढं फुल-ऑन, १५० च्या वर फॉरेस्ट आणि डार्क, १८०-२०० ला हाय-टेक. नवख्यानं शेवटच्या दोन्हीकडं लगेच जाऊ नये.

ओट्यापाशी :
टिचक्या मारून बघितल्या. सासूबाई बघायला आल्या काय झालं म्हणून. पण कळलं हो, धन्यवाद.

पेटीमास्तर :
अंबाजोगाईला पेटी शिकवतो, वय ६३. एका विद्यार्थ्यानं हौसेनं यातली दोन गाणी ऐकवली. पेटी पुढं ओढून स्वर काढले. पहिल्यात रे ग ध नी सगळे कोमल, म्हणजे सरळ भैरवी थाट. पाश्चात्त्य लोक त्याला फ्रिजियन म्हणतात. दुसऱ्यात गंधार शुद्ध, बाकी तेच, म्हणजे आपला बसंत मुखारी. विद्यार्थी म्हणाला, गोव्याच्या जुन्या गाण्यांत हे फार.

आमच्याकडं भैरवी म्हटली की भजन संपलं. लोक चपला शोधायला लागतात. आणि ही मंडळी रात्रभर भैरवीतच राहतात! मला ती कल्पना मनापासून आवडली. शेवटाचा स्वर धरून बसायचं आणि शेवट करायचाच नाही.

सोयाबीनची_गंजी :
मास्तर, कोणती गाणी होती?

पेटीमास्तर :
नाव विचारायचं राहिलं. गुरुवारी येतो तो, विचारतो.

वस्तीवरचा :
हरबऱ्यासाठी रान ओलवायचंय. लाईट रात्री साडेअकराला येती म्हणलेत, तवर बांधावर बसून वाचायलो.

माझा अनुभव दारं धरण्यातला. पुण्याला कंपनीत होतो तेव्हा रूमवरच्या पोरांनी लावून दिलं. गावाकडं परत आलो ते सोबत घेऊन. जुनी हिंदी गाणी रात्री ऐकली की मन घरी जातं, आठवणी येतात, झोप येती. हे ऐकलं की माणूस तिथंच राहतो. फावडं, पाणी, बॅटरीचा उजेड. एक वाफा दोन गाण्यांत भरतो, घड्याळ बघावं लागत नाही. तिसरं सुरू झालं आणि पाणी अजून वाफ्याच्या तोंडाशीच असलं, तर समजायचं वर कुठंतरी पाट फुटलाय.

एकाच कानात घालायचं पण. दुसरा कान रानाकडं. मागच्या साली पायापासून हातभर अंतरावर परड (विषारी साप) निघालं होतं, फुसकारा ऐकू आला म्हणून वाचलो.

लातूर_रिपीटर :
दादा जपून. बूट घालत जा.

माझं नीटच्या तयारीचं दुसरं वर्ष होतं, लातूरला रूम करून. शेजारच्या खोलीत मोठ्यानं पाठांतर, खाली पिठाची गिरणी. शब्द असलेलं काही लावलं की मी तेच गुणगुणायचे. मैत्रिणीनं इन्फेक्टेड मशरूम या बँडचं लावून दिलं. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, चौथ्या दिवशी गिरणी ऐकू येईना. भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न म्हणजे सहा गाणी, असा हिशोब बसला. रिझल्टच्या दिवशी मात्र काहीच ऐकलं नाही. आता फिजिओथेरपीला आहे, तिसरं वर्ष.

ओट्यापाशी :
लातूरला कुठं होतीस गं? माझी पुतणी आहे तिथं आत्ता. मेसचं जेवण अजिबात जात नाही म्हणते. दर पंधरा दिवसांनी धपाटे पाठवावे लागतात.

लातूर_रिपीटर :
काकू, धपाट्यासोबत शेंगदाण्याची चटणी कोरडी पाठवा, तेल घालू नका, आठ दिवस टिकते. आम्ही तेच करायचो.

आचारी_सेलूकर :
पोरगं टाइप करून द्यायलंय, मी सांगायलो. ९६ च्या हिवाळ्यात मी गोव्यात वागातोरकडं एका हॉटेलात आचारी होतो. सेलूचे आम्ही तिघं. रात्री भांडी झाली की आवाजाच्या मागं चालत जायचं. झाडी, खाली समुद्र. तिथल्या बाया ओळीनं चटया हातरून बसायच्या. चटईवर रॉकेलची चिमणी, स्टो, चहा, ऑम्लेट-पाव, केळी. ज्याला नाचून थकवा आला तो चटईवर येऊन पडायचा. बाई त्याला उठवून चहा पाजायची, पैशाचं सकाळी बघू म्हणायची. अंधारात नुसत्या चिमण्यांची रांग दिसायची, जत्रेतल्यासारखी. एका मावशीला मी स्टोची पिन करून दिली, मग माझा चहा कायमचा फुकट.

मला नाचता येत नव्हतं. मी पीठ मळल्यासारखे हात हलवायचो. कुणी हसलं नाही.

वाजवणाऱ्याकडं बारक्या कॅसेटी असायच्या, आपल्या टेपच्या कॅसेटीपेक्षा निम्म्या. उजाडलं की संगीत बदलायचं, हलकं व्हायचं. मग लोक एकमेकाचं तोंड बघायचे. तेवढं बघून मी नाश्त्याचं करायला पळायचो.

सोल्डरगन :
काका, तुम्ही जे पाहिलं ते आता कुणाला पाहायला मिळणार नाही. त्या बारक्या म्हणजे डॅट, डिजिटल कॅसेटी. तबकडी उन्हात वाकडी व्हायची, म्हणून डॅट. पण डॅटवर दोन गाण्यांचा वेग जुळवता येत नाही. त्यामुळं गाण्याला सुरुवातीला आणि शेवटी लांबलचक मोकळी जागा ठेवायची पद्धत पडली. भाऊ, तुमच्या ट्रॅक ०३ चा ठेका चौथ्या मिनिटाला येतो, तो या पद्धतीचाच असावा.

गोवा गिल नावाचे डीजे २४-२४ तास सलग वाजवायचे. सॅन फ्रान्सिस्कोकडचा माणूस, तरुणपणी गोव्यात आला, साधूंच्या 'जुना आखाडा' या पंथाची दीक्षा घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गोव्यातच वारला. त्या रात्री मी दुकान बंद करून त्यांचा एक जुना सेट पूर्ण ऐकला.

कवड्यांची_माळ :
मी इथं वेगळं बोलणार. आमच्याकडं गोंधळ असतो. बरेच जण म्हणतात संबळ आणि सायट्रान्स एकच. संबळ चढल्यावर अंगावर काटा येतो हे खरं. पण गोंधळात आईची कथा असते, नाव घेऊन बोलावणं असतं, घरातलं लग्न पार पडल्याचं देणं असतं. ठेका सारखा म्हणून दोन्ही एक करू नका. मी दोन्ही ऐकते आणि दोन्हीला वेगळी जागा देते.

जिंतूरनाका :
ताई, पटलं. मी तेच लिहिणार होतो, बरं झालं लिहिलं नाही.

पाटोदेकर :
मला हा धागा वाचवत नव्हता, तरी वाचला. कॉलेजातला माझा मित्र याच पार्ट्यांना जायचा. तिथं गोळ्या घ्यायला लागला. पुढं आठ महिने उपचार. त्याच्या आईनं माझा हात धरून विचारलं, "तुला माहीत होतं का?" माहीत होतं. मी बोललो नव्हतो. आता तो बरा आहे, गावात जनरल स्टोअर टाकलंय. पण हे संगीत लागलं की उठून बाहेर जातो. मलाही मग ऐकवत नाही.

वस्तीवरचा :
दादा, तुमची चूक नाही. वय काय होतं तुमचं.

लातूर_रिपीटर :
त्याला जनरल स्टोअरसाठी शुभेच्छा सांगा. मनापासून.

जिंतूरनाका :
पाटोदेकर, लिहिलंत म्हणून आभार. आपण हे लपवूच नये. नावातलं 'साय' म्हणजे सायकेडेलिक, भास घडवणाऱ्या नशेचा शब्द, आणि सुरुवातीच्या गोव्यात एलएसडी ही तसली नशा होतीच. घरच्यांना भीती वाटते ती उगाच नाही. पण मी आजवर चहाच्या पुढं काही घेतलेलं नाही, आणि एसटीत बसून मला ते सगळं मिळालं. या संगीताला तेवढंच लागतं : रात्र, वेळ आणि मधेच न उठणारा माणूस. माझ्या पोरालाही हेच सांगितलंय, ऐकायचं असेल तर माझ्यासोबत गच्चीवर ऐक.

सोल्डरगन :
आता काय ऐकायचं ते. अगदी नवखे असाल तर जोरकस ठेका नसलेल्यापासून सुरू करा : स्वीडनचे कार्बन बेस्ड लाईफफॉर्म्स आणि सोलर फील्ड्स. त्याला सायबियंट म्हणतात, पावसात खिडकीशी बसून ऐकायचं. मग शपाँगल, यात सायमन पॉसफर्ड आणि बासरीवाले राजा राम. पहिला अल्बम १९९८ चा. राजा राम १९४१ चे, म्हणजे या अल्बमच्या वेळी जवळपास ५७ वर्षांचे! जुनं गोवा हवं तर अॅस्ट्रल प्रोजेक्शन, आणि पॉसफर्डनंच हॅलुसिनोजेन या नावानं काढलेला १९९५ चा अल्बम, 'ट्विस्टेड'. माझ्या मते त्याच्यावर अजून कुणी गेलेलं नाही. इन्फेक्टेड मशरूम हैफाचे, त्यांचा २००० सालचा 'क्लासिकल मशरूम' पेटीमास्तरांना आवडेल. गाडी चालवताना एस व्हेंचुरा किंवा लिक्विड सोल. लग्नाच्या वरातीत डॉल्बीवर जे काही 'साय' म्हणून वाजवतात त्यावरून मत बनवू नका, त्यात दर वीस सेकंदांनी ठेका तोडतात, आणि न तुटणं हाच तर याचा जीव आहे.

कान जपा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सांगते, आवाज वाढला की तास झपकन कमी होतात. माझ्या डाव्या कानात चार वर्षांपासून शिट्टी वाजते. जात नाही.

भाऊ, बासरी म्हणालात म्हणून ट्रॅक ०३ शपाँगलचा आहे का बघा.

जिंतूरनाका :
आत्ता पूर्ण ऐकला पहिला अल्बम. तो नाही. पण बासरी तशीच. आता हाच ऐकत बसलोय. शिट्टीचं वाचून वाईट वाटलं, डॉक्टरला दाखवलं का?

सोल्डरगन :
दाखवलं. सवय करा म्हणाले. रात्री पंखा चालू ठेवला की कमी जाणवतं. ट्रॅक ०३ पाठवा इकडं, मी बघतो.

ओट्यापाशी :
चकल्या झाल्या. भावाच्या खोलीत जाऊन बसले, म्हटलं लाव तुझं ते. एक पूर्ण ऐकलं. किर्र कुठं वळते ते मला कळलं! तो बघतच राहिला.

सोयाबीनची_गंजी :
ताई भारी. चकली भाजणीची का तांदळाची?

ओट्यापाशी :
भाजणीची. या.

आचारी_सेलूकर :
भाजणीत धणे थोडे जास्त घालत जा ताई. पोरगं झोपायला चाललंय, मी पण.

वस्तीवरचा :
लाईट आली. पाट सोडून येतो. पॉसफर्डचा तो ९५ चा डाउनलोडला लावलाय, पहिल्या वाफ्याला तोच.