मदत हवी आहे: जुन्या ई-चलनासाठी लोकअदालतीची नोटीस

नमस्कार मंडळी. वडिलांच्या नावावर अचानक लोकअदालतीची नोटीस आली आहे. सिग्नल तोडल्याचा दंड थकलाय, भरा नाहीतर हजर राहा. चलन 2021 चं! तेव्हा ना मेसेज आला, ना पत्र.

आधी वाटलं फसवणूक असेल, हल्ली चलनाच्या नावाखाली कसल्याकसल्या लिंका येतात. म्हणून लिंकला हात न लावता वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून पाहिलं. चलन खरंच आहे. पण फोटो उघडला तर गाडी आमची नाहीच. आमची स्कूटर, फोटोत मोटरसायकल. नंबर प्लेटवर चिखल, शेवटचा आकडा 3 की 8 तेही धड कळत नाही.

रक्कम किरकोळ आहे. 'भरा आणि मोकळे व्हा' असं सगळेच सांगतात, पण न केलेला गुन्हा कबूल का करायचा? शिवाय लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नसतं.

ऑनलाइन तक्रार, आरसी आणि स्कूटरचे फोटो एवढ्यावर चलन रद्द होतं का, की वाहतूक शाखेतच जावं लागतं? तक्रार केली तरी त्या तारखेला हजर राहायचंच ना? आणि फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 514), ती ई-चलनाला लागू होते का? कुणी वकील असतील तर प्लीज सांगा. वडिलांचा बीपी या कागदाने उगाच वाढलाय.