शोरूमची डेमो गाडी चालवताना: मराठवाड्यातले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात भाच्यासाठी मोटारसायकल बघायला छत्रपती संभाजीनगरात जालना रोडला दोन-तीन शोरूम हिंडलो. एका ठिकाणी डेमो गाडीचा क्लच लिव्हर वाकलेला, टाकीला लांब ओरखडा. विचारलं तर तिथला पोरगा हळूच म्हणाला, "काका, काल एकजण आल्ता. एक चक्कर मारून येतो म्हणला अन् दोन तासांनी आला. किल्ली टेबलावर ठेवली, बोलला काहीच नाही." त्याचे पैसे पगारातून कापणार की काय, याचा घोर त्याच्या तोंडावर दिसत होता. माझ्या डोक्यातून तो चेहरा जाईना. आपण शेजाऱ्याची गाडी मागून नेली तर किती जपून आणतो, मग इथंच असं का?

टेस्ट राईडला तुम्ही काय केलंत, काय चुकलं, तुम्हाला कसं वागवलं, ते लिहा. शोरूमचं नाव नको.

लातूर, शिक्षक

बारा वर्षं स्प्लेंडर वापरली. तिचे चारही गिअर पुढे दाबत टाकायचे. औसा रोडला जी डेमो गाडी घेतली तिचा पहिला गिअर खाली, बाकीचे वर. पोराने निघतानाच सांगितलं होतं, "सर, एक खाली, चार वर." मी मान हलवली आणि निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास असताना चौथा टाकायला म्हणून पायाने सवयीने पुढे दाबलं. गाडी दुसऱ्यात गेली. इंजिन किंचाळलं, मागचं चाक फरपटलं, मागून ट्रॅव्हल्सचा हॉर्न. क्लच दाबला म्हणून सावरलो. गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय) होतं, पण ते ब्रेकपुरतं; गिअर चुकला तर ते कामाला येत नाही.

परत आल्यावर गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण माझ्यानंतर दुसरा कुणी ती गाडी चालवणार होता. घडलं ते सगळं सांगितलं. त्याने चेन बघितली, स्वतः एक फेरी मारून आला, म्हणाला, "सर, सांगितलं ते बरं झालं." दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा आधी गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवत दहा वेळा गिअर टाकून बघितले. पाय शिकला, मग रस्त्यावर गेलो. ज्यांच्याकडे घरी स्प्लेंडरसारखी, सगळे गिअर पुढे दाबायची गाडी आहे त्यांनी एवढं कराच.

बीड

मला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यायची होती. मी आणि नवरा गेलो, तर सेल्समन सगळं नवऱ्याला सांगायला लागला. "गाडी मी घेणार आहे," असं दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाला, "ताई, जड आहे हो." ते खरंच आहे. माझी गाडी ११२ किलोची, ही १९५ किलोची, सीट ८०५ मिलिमीटर उंच. मीच म्हणाले, आधी आत नुसती बसून बघते, स्टँडवरून काढून लावून बघते. पाय टेकतायत याची खात्री झाल्यावरच बाहेर काढली.

चालवताना काहीच अडलं नाही. परत आल्यावर शोरूमसमोरच्या मुरमावर पाय घसरला आणि गाडी कलली. धरायला गेले, पेलली नाही. क्रॅश गार्ड टेकला. मी लगेच आत जाऊन सांगितलं, खर्च देते म्हणाले. मॅनेजरने बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाले, "गार्ड त्याच्यासाठीच असतो ताई. तुम्हाला लागलं का?" गाडी तिथूनच घेतली. मुरूम असेल तिथे आता आधीच थांबते, उतरून ढकलत नेते.

नांदेड, शोरूममध्ये काम करतो

आमची बाजूही ऐका. लायसन मागितलं की लोकांना राग येतो. पण बिनलायसनच्या माणसाच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली गाडी देणाऱ्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोरगं अठराच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तरी बाप सोबत येतो अन् म्हणतो, "ट्रॅक्टर चालवतंय ते शेतात, द्या की एक चक्कर." नाही म्हणावं लागतं, अन् मग ते शेजारच्या शोरूमला जातात. दुःख होतं, पण देत नाही. स्कूटरचं, म्हणजे बिनगिअरचं लायसन घेऊन मोटारसायकल मागणारेही पुष्कळ. ते चालत नाही. कार्ड घरी राहिलं असेल तर डिजिलॉकरमधलं दाखवा, तेवढं पुरतं.

हेल्मेट स्वतःचं आणा. आमचं एकच, दिवसभर वीसेक डोक्यांवर जातं, मे महिन्यात त्याचं काय होत असेल ते तुम्हीच सांगा. चपलेवर येऊ नका. दसऱ्याला, पाडव्याला डेमो मागू नका. त्या दिवशी आम्ही पूजेच्या गाड्या काढायलोत, तुमच्याकडे लक्ष देता येत नाही. आडवारी दुपारी या, निवांत देतो. आणि आत्ता घ्यायची नाही, सोयाबीन विकल्यावर बघू, असं असेल तर तसं सरळ सांगा. आम्ही गाडी देतोच. पण उद्या बुकिंग करतो म्हणून चक्कर मारायची अन् मग फोन उचलायचा नाही, हे मनाला लागतं.

परभणी

पावसाळ्यात शेतातून थेट गेलो होतो. बुटाला काळी माती. फूटरेस्टवर पाय ठरेना, गिअर सापडेना. परत फिरून बूट धुतले, मग घेतली. रस्त्यावरही ट्रॅक्टरने आणलेला चिखल असतो, नवीन गाडीचा ब्रेक कसा धरतो ते अशा ठिकाणी तपासायला जाऊ नये.

वाळूज, कंपनीत कामाला

माझी चूक लिहितो. डेमो गाडी घेऊन निघालो आणि वाटेत मित्र भेटला. "मला पण बघू दे." दिली. तो नीट चालवून आला, काही झालं नाही. पण फॉर्मवर सही माझी होती, लायसनची झेरॉक्स माझी होती. काही झालं असतं तर मी त्या सेल्समनला काय तोंड दाखवलं असतं? त्याने माझ्याकडे बघून किल्ली दिली होती. आता मित्राला यायचं असेल तर तोही शोरूमला येतो, स्वतःची सही करतो.

धाराशिव

सहीचा विषय निघाला म्हणून. तो कागद वाचूनच सही करा. माझ्या फॉर्मवर "सर्व नुकसान ग्राहकाकडून" असं छापलं होतं. मी विचारलं, विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा आहे की गाडीच्या नुकसानीचाही? सेल्समनला माहीत नव्हतं, आत जाऊन विचारून आला. गाडीचाही होता. मी तसं फॉर्मवर लिहून घेतलं. कुणी वाईट मानलं नाही. निघण्याआधी गाडीभोवती फिरून आधीचे ओरखडे त्याच्यासमोरच मोबाईलवर टिपून घेतले. त्याने दोघांचा वाद टळतो.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचून काल भाच्याला घेऊन त्याच शोरूमला गेलो. लिव्हर नवा बसलाय. पोराला विचारलं, पैसे कापले का? "अर्धे," म्हणाला. भाच्याने स्वतःचं हेल्मेट घातलं, कुठून वळून येणार ते त्याला सांगितलं आणि पंधरा मिनिटांत परत आला. पोरगा तोवर दारातच उभा होता.